नमुना ३० च्या आत असेल तर टी, वर असेल तर झेड, हा नियम बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की १२ प्लॉटांचं सोयाबीनचं उत्पन्न मोजलंय, सिग्मा, म्हणजे नमुन्याबाहेरचंही धरून खरं प्रमाण विचलन, माहीत नाही, आणि सरांनी वरचा नियम सांगून विषय मिटवलाय. टी घ्या. टी काय नि झेड काय, सरासरीतला फरक खरा की योगायोगाचा हे पाहायच्या चाचण्या; आपला आकडा कोष्टकातल्यापेक्षा मोठा आला तर फरक खरा मानायचा. ११ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (नमुन्यातून एक वजा), जास्त-कमी दोन्ही बाजू धरून ५ टक्क्यांवर कोष्टकात २.२०१ आहे. झालं तुमचं काम. पण झेड-टी म्हटलं की मला राहवत नाही, कारण यावरून आमच्या घरात भाऊजींशी माझं अजून मिटलेलं नाही.

बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो तेव्हाची गोष्ट. गाव दारव्ह्याकडचं, गोठ्यात चार म्हशी. सरकी ढेपेचा ५० किलोचा कट्टा पूर्ण भरत नाही, हा बाबांचा जुना संशय. पोळ्याआधी १० कट्टे आले, तसा मी एका धान्यवाल्याचा काटा मागून आणला आणि एकेक कट्टा आला तसा त्यावर ठेवला. ४९.२, ५०.१, ४९.६, ४८.६, ५०.४, ४९.९, ४८.९, ५०.३, ४९.३, ४९.७. सरासरी ४९.६. विचलनांच्या वर्गांची बेरीज ३.२२, तिला १० नं भागलं, वर्गमूळ काढलं, ते पुन्हा १० च्या वर्गमुळानं भागलं आणि ५० ला कमी पडलेल्या ०.४ ला त्यानं भाग दिला. आलं २.२३. झेडच्या कोष्टकात १.९६. वही घेऊन मी थेट दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. दुकानदाराला त्यातलं एक अक्षर कळलं नसणार, पण त्यानं मुकाट्यानं ४ किलो सुटी ढेप तोलून दिली.

संध्याकाळी भाऊजी आले. अमरावतीहून संख्याशास्त्रात एम.एस्सी., त्यामुळे वही त्यांच्या हातात गेलीच. "काऊन रे, १० नं कायले भागलं? आन् झेड कुठून आनलं? सिग्मा तुले त्या दुकानदारानं सांगितला काय?" ९ नं भागलं की आकडा २.११ होतो. टीच्या कोष्टकात ९ समोर २.२६२. म्हणजे कट्टा ५० चा नाही असं म्हणता येत नाही. बाबांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी ती ४ किलो ढेप परत नेऊन दिली. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

भाऊजींचं टीबद्दलचं म्हणणं बरोबरच होतं. प्रमाण विचलन त्याच १० कट्ट्यांतून काढलेलं, दुसरे १० घेतले असते तर वेगळं आलं असतं. ती डळमळ झेडमध्ये धरलेली नसते, टीमध्ये असते. सिग्मा बाहेरून, पक्का माहीत असेल तरच झेड. ३० चा त्याच्याशी काही संबंध नाही. २९ डिग्रीला टी २.०४५ आहे, ६० ला २.०००, १२० ला १.९८०. कुठंच एकदम उडी नाही. छापील कोष्टकं ३० नंतर ४०, ६०, १२०, अनंत अशी धावतात, तिथून हा नियम लोकांच्या डोक्यात बसला असावा. आता मोबाइलमध्ये हवी ती किंमत निघते, मग झेडकडे जायचंच कशाला? आणि १० नं भागण्याचं म्हणाल तर खुद्द गॉसेटनं १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं हे मांडलं तेव्हा एन नंच, म्हणजे नमुन्याच्या पूर्ण संख्येनंच, भागलं होतं, आणि अक्षरही झेडच वापरलं होतं. डब्लिनच्या गिनेसमध्ये बिअर आणि जवावर काम करणारा माणूस तो. आजचं टीचं रूप नंतर संख्याशास्त्रज्ञ फिशरबरोबर आलं. हे मी भाऊजींना ऐकवलंय. ते म्हणाले, "त्याच्यापाशी त्याचं कोष्टक होतं, तुह्यापाशी काय होतं?"

माझा खरा मुद्दा वेगळा. कट्टा जास्त भरला म्हणून कोणता शेतकरी भांडायला जातो? संशय कमी वजनाचाच होता, तोही मोजायच्या आधीपासून. म्हणजे चाचणी एका बाजूची, कोष्टकात १.८३३, आणि २.११ त्याच्या वर. भाऊजी म्हणतात, आकडे पाहून बाजू ठरवली. बाबांना विचारा म्हटलं, तर बाबा बोलत नाहीत. तुम्ही मात्र बाजू आधीच वहीत लिहून ठेवा, तारीख टाकून.

हो, प्लॉट जोडीजोडीनं असतील, एकाच शेतात जुनं आणि नवं वाण, तर फरकांवर टी काढा. एखादा प्लॉट पाण्यात बुडालेला असेल तर १२ मध्ये तो एकटा सगळं बिघडवतो, आधी आकडे नुसते डोळ्यांनी पाहा. आणि काटाच चुकीचा असेल तर कोणतीही चाचणी ते सांगत नाही.

हे शेवटचं मला गेल्या वर्षी सुचलं. कट्ट्यावर 'निव्वळ ५० किलो' छापलेलं असतं आणि मी बारदान्यासकट मोजलं होतं. आईनं गोठ्यात जपून ठेवलेला त्यातला एक रिकामा कट्टा काट्यावर टाकला, १०० ग्रॅम. सरासरी ४९.५, टी २.६४. भाऊजींच्याच दोन बाजूंच्या २.२६२ च्या वर! लगेच फोन लावला.

"बारदाने किती तोलले?"

"एक."

"मंग त्याचं विचलन काढ अन् सांग मले."

तेव्हापासून रिकामे कट्टे मी फेकू देत नाही. सहा झालेत.