प्राण्यांचे, निसर्गाचे, खेड्यातले फोटो बघत बसणं आणि लोकांना पाठवणं हा नुसता टाइमपास आहे का?

तुम्ही लिहिलंय की रोज तासभर तुम्ही प्राण्यांचे, डोंगरांचे, शेतांचे, खेड्यातल्या वाटांचे फोटो बघता, त्यातले आवडलेले पंधरा-वीस फोटो ओळखीच्यांना पाठवता, घरचे म्हणतात हा टाइमपास आहे आणि हल्ली तर कुणी उत्तरही देत नाही, मग सोडून द्यावं का हे सगळं. माझं सरळ उत्तर असं की छंद अजिबात सोडू नका, पण पंधरा-वीस पाठवणं आजपासून बंद करा. एकच पाठवा, आणि त्या फोटोत तुम्हाला काय दिसलं ते सोबत एका ओळीत लिहा.

मला हे आत्याने शिकवलं. पाय मोडून ती तीन महिने पलंगावर होती, आणि तिचं मन रमावं म्हणून मी रोज सकाळी तिला दहा-बारा फोटो एकदम पाठवायचे, कधी हरणं, कधी धुकं, कधी पक्षी, जे हाताला लागेल ते. तिचं उत्तर यायचं, छान. रोज तेच, छान. मग एक दिवस नेटवर्क गंडलं होतं आणि बाकीचे सगळे अडकून एकच फोटो गेला, मीच काढलेला, एका शेळीचा, अगदी तोंडाजवळून. दुपारी आत्याचा फोन. म्हणाली, "अगं, हिच्या डोळ्यात ही आडवी फट कसली? मांजराच्या डोळ्यात तर उभी असते ना?"

फोटो मी काढलेला, दोन वर्षं माझ्या फोनमध्ये होता, चार जणांना पाठवूनही झाला होता, आणि ती फट मला कधी दिसलीच नव्हती! मग मी वाचायला लागले. शेळी, मेंढी, घोडा अशा चरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, त्यामुळे त्यांना जमिनीलगतचं लांबपर्यंत, दोन्ही बाजूंचं दिसतं आणि वरून येणारा सूर्याचा झगमगाट कमी आत येतो, म्हणजे शिकारी कुठूनही आला तरी चाहूल लागते. पण चरायला मान खाली घातली की ती फट उभी नाही का होणार? नाही होत. 2015 मध्ये यावर एक संशोधन छापून आलं, त्यात दाखवलंय की मान खाली गेली की यांचे डोळे खोबणीत गोल फिरतात, 50 अंश किंवा त्याहूनही जास्त, आणि बाहुली पुन्हा जमिनीला समांतर राहते. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली चरतानाचा फोटो आहे का तुझ्याकडे, दाखव. शोधला. होता एक, मागच्या रांगेतली शेळी, मान खाली, तोंडात गवत. झूम केलं तर फट खरंच आडवी, जमिनीला अगदी समांतर. आम्ही दोघी फोनवर त्या एका डोळ्याबद्दल अर्धा तास बोललो असू.

त्या दिवसापासून मी तिला रोज एकच फोटो पाठवते आणि "छान" यायचं बंद झालं.

होतं काय की वीस फोटो आले की माणूस बघत नाही, अंगठ्याने सरकवतो. एकच आला की तो तिथे थांबतो. तुम्हाला उत्तरं येत नाहीत ती लोकांना फोटो आवडत नाहीत म्हणून नाही असं मला अगदी मनापासून वाटतं, एवढ्या ढिगाऱ्यात नेमकं कशाबद्दल बोलायचं हेच त्यांना कळत नसणार.

आणि आधी आपण स्वतः नीट बघायला पाहिजे. मी काय करते, फोटो मोठा करून आधी चारही कडा बघून घेते, कारण मधला वाघ किंवा मधलं झाड तर सगळ्यांनाच दिसतं, मजा कडेला असते. कोळ्याच्या जाळ्यावर दव पडलेलं असतं ना, तसला एखादा क्लोजअप असेल तर त्यातला एकच थेंब मोठा करून बघा. थेंब भिंगासारखं काम करतो, त्यामुळे मागचं अख्खं शेत त्यात उलटं दिसतं, आकाश खाली, जमीन वर, आणि शेजारच्या थेंबात परत तेच, जरा वेगळ्या कोनातून. एका जाळ्यात शेकडो शेतं! हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं होतं.

बर्फाचा एकेक कण असा बघायचा ध्यास घेतलेला एक शेतकरी होता, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला, विल्सन बेंटली. त्याने कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडला आणि 1885 मध्ये हिमकणाचा पहिला फोटो काढला, मग आयुष्यभर दर हिवाळ्यात थंडीत कुडकुडत, कण वितळायच्या आत, पाच हजारांहून जास्त फोटो काढले. शेती सांभाळून. त्याच्यावरही लोकांनी टाइमपासचा शिक्का मारला असेल का असं मला कधीकधी वाटतं.

आता खेड्यातल्या फोटोंबद्दल जरा वेगळं सांगायचंय. हिरवी टेकडी, वर निळं आकाश, पांढरे ढग, विंडोज एक्सपीच्या स्क्रीनवरचा तो फोटो तुम्ही हजारदा पाहिला असेल. चार्ल्स ओरिअर या फोटोग्राफरने तो 1996 मध्ये कॅलिफोर्नियात सोनोमा भागात रस्त्याने जाताना गाडी थांबवून फिल्मवर काढला. बरेच जण समजतात की तो कॉम्प्युटरवर बनवलाय, पण टेकडी खरी आहे. आणि ती टेकडी एरवी अशी मोकळी हिरवी नसतेच, तो द्राक्षांचा पट्टा आहे, त्या काळात तिकडे मुळांना फिलोक्झेरा नावाची कीड लागली होती, वेली उपटून टाकाव्या लागल्या होत्या आणि त्या मोकळ्या जागेत गवत उगवलं होतं. आत्या हे ऐकून गप्पच झाली, मग म्हणाली, "म्हणजे कुणाच्यातरी बागेचं वाटोळं झालं होतं तर." मलाही तो फोटो आता आधीसारखा दिसत नाही. त्याचं सौंदर्य कमी झालं असं नाही, पण त्यात माणसं आली.

म्हणून खेड्यातले फोटो पाठवताना खाली "किती सुखी लोक, किती शांत आयुष्य" असं लिहिलेलं मला आवडत नाही. शेताचा फोटो म्हणजे कुणाचं तरी काम असतं. नांगरलेली सरी ओली आहे की वाळलेली, बैलाच्या मानेवर जू घासून केस गेलेत का, बांधावर कुणाची तरी चप्पल काढून ठेवलीय का, गंजी अर्धवट रचलीय का, हे बघा आणि हेच लिहा. आणि तुम्ही स्वतः फोटो काढत असाल तर माणसाला आधी विचारा, काढल्यावर त्याला तो दाखवा, जमलं तर पाठवा. ज्यांचे फोटो सगळीकडे फिरतात त्यांच्याकडे स्वतःचा एकही नसतो असं मी पाहिलंय आणि मला ते फार लागतं.

प्राण्यांच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झालीय तीही सांगते. मोठ्या डोळ्यांचा छोटासा प्राणी, स्लो लोरिस, कुणीतरी त्याला गुदगुल्या करतंय आणि तो हात वर करून बसलाय, असं काहीतरी मीही गोड म्हणून कितीतरी जणांना पाठवलं होतं. नंतर वाचलं की हात वर करणं ही त्याची घाबरल्यावरची, स्वतःला वाचवायची तऱ्हा आहे. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला ग्रंथी असते, तिथला स्राव चाटून तोंडात घेतला की त्याचा चावा विषारी होतो, आणि त्या तयारीसाठी तो हात वर नेतो. म्हणजे तो बिचारा भेदरलेला होता आणि आम्ही सगळे हसरे चेहरे टाकत होतो. अशी गोड दिसणारी क्लिप बघून लोकांना तो पाळावासा वाटतो, आणि मग तो जंगलातून पकडून आणला जातो. तेव्हापासून जंगली प्राणी माणसाच्या हातात, कपड्यात, साखळीत दिसला की मी पुढे पाठवत नाही, कितीही गोड असला तरी.

घरट्याचंही तसंच. फोटो मोकळा यावा म्हणून फांद्या बाजूला केल्या की पिल्लांवर ऊन येतं आणि कावळ्या-सापांना घरटं उघडं पडतं. असे फोटो ओळखू येतात, घरट्याभोवती एकही पान आड येत नाही, सगळं कसं स्वच्छ. ते मी पाठवत नाही.

जागेचं पण सांभाळा. फोनवर लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश साठवले जातात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच पुढे जाते. गेंड्यासारख्या ज्या प्राण्यांची शिंगासाठी शिकार होते त्यांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे. दुर्मिळ प्राणी, घुबडाची ढोली, ऑर्किडचं झाड, यांची नेमकी जागा लिहू नका, "डोंगराळ भागात" एवढं पुरे.

फोटो ज्याचा आहे त्याचं नाव माहीत असेल तर टाका, खाली लिहिलेलं नाव कापून टाकू नका. आणि खरा की बनवलेला ही शंका आली तर पाय मोजा, पंखांची पिसं बघा, सावल्या एकाच दिशेला पडतायत का बघा. खऱ्या कॅमेऱ्याचा फोटोसुद्धा फसवू शकतो म्हणा, 2009 च्या एका मोठ्या वन्यजीव फोटो स्पर्धेत फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि तो बहुधा माणसाळवलेला लांडगा होता असं परीक्षकांचं मत झाल्यावर 2010 मध्ये ते काढून घेतलं गेलं.

घरच्यांचं टाइमपास म्हणणं राहिलंच. त्यांना सांगायला हवंच असेल तर सांगा की जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठात एक छोटा प्रयोग झाला होता, 2012 मध्ये छापून आला, त्यात कुत्र्या-मांजरांच्या पिल्लांचे फोटो बघितल्यावर विद्यार्थ्यांनी लक्ष देऊन करायची कामं आधीपेक्षा नीट केली. पण मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. 1861 मध्ये कार्लटन वॉटकिन्स नावाचा माणूस अवजड कॅमेरा आणि काचेच्या मोठमोठ्या प्लेट खेचरांवर लादून अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत गेला. त्याने काढलेले फोटो पार देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचले, जिथल्या लोकांनी ती दरी, ते कडे, ती प्रचंड झाडं कधी पाहिली नव्हती. 1864 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनने ती दरी राखून ठेवायच्या कायद्यावर सही केली आणि त्यात त्या फोटोंचा मोठा वाटा मानला जातो. जे बघितलंच नाही ते जपावंसं कुणाला वाटेल? तुम्ही एका माणसाला एक फोटो नीट दाखवता तेव्हा तेच करताय, छोट्या प्रमाणावर.

तर मग असं करून बघा. आज रात्री गॅलरीतून एक फोटो निवडा, लगेच पाठवू नका, दोन-तीन मिनिटं तोच बघा, कडा बघा, आणि जे आधी दिसलं नव्हतं असं काहीतरी सापडलं की तेच लिहा. "सुंदर निसर्ग" नको. "या बगळ्याचा एकच पाय दिसतोय, दुसरा पोटात दुमडलाय" असं. किंवा सरळ प्रश्नच विचारा, प्रश्नाला उत्तर येतंच. आणि ज्याला जे आवडतं त्याला तेच पाठवा, सगळ्यांना सगळं नको, माझ्या एका मैत्रिणीला सापाचं चित्रही सहन होत नाही, तिला मी ढग पाठवते.

मोठा कॅमेरा नाही, कुठे फिरायला जाता येत नाही असं वाटत असेल तर एक लक्षात घ्या, आज जगात शिल्लक असलेला सगळ्यात जुना कॅमेऱ्याचा फोटो खिडकीतून काढलेला आहे, आणि तोही खेड्यातला. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सने 1826-27 च्या सुमारास आपल्या गावाकडच्या घराच्या वरच्या मजल्यावरून तो घेतला, छपरं, कबुतरखाना, एक झाड. त्याला इतका वेळ लागला की सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं.

ही गोष्ट मी आत्याला कळवली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा पहिला फोटो आला. पलंगावरून, खिडकीतून, जरा तिरका, गजांसकट, बाहेरच्या फांदीवर कावळा. आता ती काठी घेऊन चालते तरी रोजचा एक फोटो चुकत नाही, तिचा मला आणि माझा तिला. त्या पहिल्या फोटोखाली तिने लिहिलं होतं, "चोचीत काय आहे ते झूम करून सांग." केलं. वायरचा तुकडा होता, घरट्यासाठी नेत होता.