अभ्यास सोडून वहीत लिहीत बसते

"मॅडम, क्लासहून आली की वही घेऊन बसते. शाळेचं काही नाही, स्वतःचंच लिहिते. पुढच्या वर्षी दहावी आहे हो. बंद करायला सांगू का?" नाशिकच्या सिडकोतल्या एका नववीतल्या मुलीच्या आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पुस्तकाबाहेरचं काही केलं की वेळ वाया गेला, ही काळजी पालकांकडून मी सतत ऐकते.

मी ती वही मागवून घेतली. पानभर पेन्सिलीने नकाशा काढलेला, डावीकडे इगतपुरी, उजवीकडे सिन्नर. मावशी सिन्नर तालुक्यात राहते. जुलैत इगतपुरीला धो धो पाऊस आणि मावशीच्या गावात टँकर, एकाच जिल्ह्यात असं का? खाली तिच्याच शब्दांत उत्तर होतं. समुद्रावरचे ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढून गार होतात आणि तिथेच बरसतात. पलीकडे उतरताना गरम, कोरडे होतात. 'प्रतिरोध पर्जन्य' हा पुस्तकी शब्द समासात, नंतर लिहिलेला.

पानाचा फोटो तिने मावशीला पाठवला. मावशीने विचारलं, "मग आमच्याकडे परतीचा पाऊस कसा पडतो गं?" झालं! ते शोधायला पोरगी पुन्हा पुस्तकात शिरली. तो पाऊस डोंगरावर अवलंबून नसतो, तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढून दुपारनंतर गडगडाटासह येतो, हे तिला असं कळलं. परीक्षेला हा प्रश्न येवो न येवो, हा अभ्यासच आहे. खरोखर विचारणारं कुणीतरी समोर होतं, म्हणून तो झाला.

पण आईची काळजी अगदीच निराधार नव्हती. मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा ती म्हणाली, "बीजगणित नको वाटतं, म्हणून आधी ही वही उघडते."

म्हणून वही बंद केली नाही, त्याच वहीत बीजगणित आणलं. दोन चलांतील रेषीय समीकरणांचं रोज एक उदाहरण आठवीतल्या मावसभावाला समजेल असं लिहायचं. पहिल्याच उदाहरणात 'आता दोन्ही समीकरणांची वजाबाकी करायची' इथे पेन थांबलं. का करायची, हे सांगता येईना. पायऱ्या पाठ होत्या, अर्थ नव्हता. लिहिताना जिथे अडतं, तीच शंका दुसऱ्या दिवशी सरांना विचारायची, असं ठरलं. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून मांडलेलं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रयोगांतून दाखवलं आहे. आठवडाभराने वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवत होतं.

आईला दोनच गोष्टी सांगितल्या. लाल पेन घेऊन शुद्धलेखन तपासू नका, तेवढ्याने मूल वही लपवायला लागतं. आणि तुम्हाला खरंच पडलेला एखादा प्रश्न तिला विचारा, तोंडी परीक्षा नको.

सहामाहीत बीजगणिताचे गुण थोडेच वाढले. पण क्लासमध्ये हात वर करून ती शंका विचारते, हे आईनेच सांगितलं. "दहावीतही चालू ठेवू?" या प्रश्नावर मी म्हटलं, रोज अर्धा तास ठेवा, पूर्वपरीक्षा जवळ आली की किती लिहायचं ते तिलाच ठरवू द्या.