तारखेविना सही नाही

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. राजीनाम्यावर सही करून द्यायची, तारखेची जागा मात्र रिकामी ठेवायची. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव म्हणाले, "सगळेच देतात, नुसती औपचारिकता आहे." आणि तू मला विचारतेस, "सर, काय करू?"

तारखेविना सही करायची नाही. पत्र इथेच संपवलं असतं, पण पुढे तू लिहिलंयस, "संस्थेशी वाकडं घेऊन कसं चालेल?" ते वाचून मला राग आला. वाकडं कोण घेतंय? महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा काढ आणि कलम 7 वाच. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. संस्थांच्या कपाटांत पडलेले कोरे राजीनामे कायदा करणाऱ्यांना ठाऊक असणार, नाहीतर मध्ये पोस्टाचा शिक्का कशाला आणला असता?

आता हेही बघ की कागद तिसऱ्याच वर्षी का मागितला. शिक्षणसेवकाची, म्हणजे मानधनावरची पहिली तीन वर्षं नीट सरली की तू सहशिक्षक होतेस, आणि मग तुला काढायचं तर आरोपपत्र आलं, चौकशी समिती आली. कोरा राजीनामा हाताशी असला की यातलं काहीच करावं लागत नाही.

महिना 18,000 रुपयांच्या मानधनात घर चालवणाऱ्या मुलीला "नोकरीची पर्वा करू नकोस" असं मी म्हणणार नाही. पर्वा कर. म्हणूनच तारखेविना सही करू नकोस.

नेमणुकीचा आदेश तुझ्याजवळ आहे ना? शाईच्या सहीचा, झेरॉक्स चालणार नाही. त्याच कायद्याखालच्या 1981 च्या नियमावलीत त्याचा नमुना ठरलेला आहे, अनुसूची 'ड'. प्रकरण शाळा न्यायाधिकरणात गेलं तर आधी हेच विचारतात: पद कायम रिक्त होतं का, तुझी पात्रता होती का, नेमणूक रीतसर झाली का. जाहिरातीचं कात्रण, मुलाखतीचं पत्र, रुजू अहवाल, सगळं एका फाइलीत लाव. "शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता कुठाय?" म्हणून घाबरवतील. तेवढ्यावरून नेमणूक अवैध ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने फार पूर्वी सांगून ठेवलंय. "काम समाधानकारक नाही" असं म्हणाले तर मूल्यमापनाची नोंद माग. परिवीक्षेवरच्या (प्रोबेशनवरच्या) माणसाच्या कामाचं मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे. पुष्कळदा ती ठेवलेलीच नसते!

तू म्हणशील, सरांना भांडणाची खाजच आहे. स्टाफरूममध्येही मला 'कोर्टवाले' म्हणायचे. मला "उद्यापासून येऊ नका" असं तोंडी सांगितलं आणि मस्टर कपाटात बंद केलं. मी त्याच दिवशी पोस्टात जाऊन संस्थेला लिहून पाठवलं की मी हजर आहे, सही करू दिली जात नाही. खाली तारीख आणि वेळ. 'स्वतःच येईनासे झाले' हा संस्थेचा बचाव त्या एका पावतीपुढे टिकला नाही. कलम 9 खाली अपिलाला तीस दिवस मिळतात, आणि ते तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदाच म्हणतो. माझं वर्षानुवर्षं चाललं. पुन्हा रुजू झालो, थकीत पगारही मिळाला. पण त्या वर्षांतल्या मुलांना मला शिकवायला मिळालं नाही, ते कुठल्या फरकाच्या रकमेत भरून येणार? सहकारी लांब झाले. ज्यांच्यासाठी मी सेवाज्येष्ठता यादीवर हरकती लिहून दिल्या होत्या, तेही. संस्था बुडवायला निघालो होतो म्हणतात. संस्था उभी करणारी माणसं मोठी होती, त्यांचा फोटो माझ्याही घरात आहे. मी फक्त माझा आदेश मागत होतो.

असो. माझं पुराण पुरे.

उद्या साधं निवेदन लिही: "अमुक तारखेस मला बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही करण्यास सांगण्यात आले. माझा राजीनामा देण्याचा विचार नाही." भाषा नरम ठेव, आदरार्थी क्रियापदं वापर, पण तारीख विसरू नकोस. कार्यालयात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घे. घेत नसतील तर पोस्टाने पाठव (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, गोंधळू नकोस) आणि पावती फाइलीत लाव. क्लार्कवर चिडू नकोस, त्याच्याकडूनही कधीतरी असाच कागद घेतला असेल.

सही आधीच करून बसली असशील, तर लपवू नकोस. मग निवेदन वेगळं लिहावं लागेल आणि ते आजच जायला हवं. आदेशाचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा. मागच्या बाजूला शर्ती असतात, त्या कुणी वाचत नाही. फोन संध्याकाळी कर, दुपारी मी झोपलेला असतो.

तुझे सर