स्वतःची गाडी नसेल तर सातारा राहण्यास योग्य आहे का?

हे घर कोठे घेता यावर ठरते. राजवाडा ते पोवई नाका या पट्ट्यात घर मिळाले, तर मंडई, दवाखाने आणि एसटी स्थानक चालत किंवा रिक्षाने गाठता येते. मात्र अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावरील जुन्या पेठांत भाजीच्या दोन पिशव्या घेऊन चढ चढताना गुडघे बोलू लागतात, हे वृद्ध आई-वडील सोबत असल्यास आधीच लक्षात घ्यावे. महामार्गालगतच्या नव्या वसाहतींत दुचाकीवाचून निभाव लागणे कठीण, आणि रेल्वे स्थानक तर शहराबाहेर माहुलीला आहे. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरने, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या भुयारी रस्त्याने, २०२१ पासून वाहनांची सोय झाली. पायी चालणाऱ्यांची, माझ्या मते, फारशी नाही. भाडेकरारापूर्वी रात्री आठनंतर त्या घरासमोर उभे राहून रिक्षा मिळते का, ते पाहावे.