कॅनडात सगळं गुणवत्तेवर मिळतं का, या तुमच्या प्रश्नाला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. “इथे ओपनवाल्यांच्या मुलांना भवितव्य नाही. मुलगी सातवीत आहे, तिच्यासाठीच निघायचं ठरवतोय. कॅनडात सगळं गुणवत्तेवर मिळतं ना?” 2008 साली कोल्हापूर सोडताना मीही घरी अगदी हेच बोलले होते. त्यामुळे उत्तर लांबेल.

स्थलांतराच्या अर्जाचे पॉइंट्स, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, खात्यात किती पैसे दाखवायचे, हे सगळं सरकारी साइटवर आहे. ते मी लिहीत नाही. फक्त गुणपत्रकांचं सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. सीलबंद पाकिटासाठी माझ्या भावाने विद्यापीठात तीन चकरा मारल्या. पाकीट इथे पोहोचलं आणि परत आलं, कारण चिकटवलेल्या कडेवर सही-शिक्का नव्हता. आतल्या प्रत्येक कागदावर होता, पाकिटावर नव्हता. त्यात चार महिने गेले. पाकीट हातात पडलं की तिथे काउंटरवरच उलटून बघा.

आता गुणवत्तेचं. मी सिव्हिल इंजिनिअर, सहा वर्षांचा अनुभव. इथे आल्यावर पहिलं काम मिळालं ते गोदामात खोकी भरायचं. जिथे अर्ज करावा तिथे एकच विचारणा, ‘कॅनेडियन अनुभव आहे का?’ इंजिनिअरच्या परवान्यासाठीसुद्धा तेव्हा निदान एक वर्ष इथल्या कामाचा अनुभव लागायचा. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. ऑन्टॅरिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने 2013 मध्ये स्पष्ट म्हटलं की अशी अट घालणं हा सकृद्दर्शनी भेदभाव आहे. परवान्यातली ती अट निघायला मात्र 2023 उजाडलं.

मग एका एजन्सीतल्या बाई म्हणाल्या, नाव सोपं करा. मी मृण्मयीची मिया झाले, आडनाव अर्धं कापलं. बाकी बायोडेटा तोच. दोन आठवड्यांत दोन फोन आले. हा माझ्या एकटीच्या नशिबाचा भाग नव्हता. फिलिप ओरिओपोलस या अर्थतज्ज्ञाने टोरोंटोतल्या कंपन्यांना हजारो बनावट बायोडेटा पाठवून हेच तपासलं होतं. शिक्षण इथलं, अनुभव इथला, फरक फक्त नावात. इंग्रजी नावाच्या 100 अर्जांमागे साधारण 16 जणांना बोलावणं आलं, भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांमागे 11 जणांना.

कोल्हापुरात भाड्याचं घर बघायला गेलो की घरमालक आधी आडनाव विचारायचे. आमचं आडनाव ऐकलं की चहा यायचा. आडनावामुळे कुणाला दारातूनच परत जावं लागतं, हे मला तोवर कधी कळायची वेळच आली नव्हती.

नंतर मला केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी लागली. अर्जासोबत एक फॉर्म होता, ऐच्छिक. तुम्ही ‘व्हिजिबल मायनॉरिटी’ आहात का? म्हणजे आदिवासी सोडून जे गोरे नाहीत ते. इथे 1986 पासून रोजगार समतेचा कायदा आहे. स्त्रिया, आदिवासी, अपंग आणि व्हिजिबल मायनॉरिटी असे चार गट त्यात येतात. आपल्यासारख्या राखीव जागा नाहीत. मालकाने आपल्याकडे कोण किती आहेत हे मोजायचं आणि कमी असतील तर त्यांची भरती वाढवायची योजना करायची. मला ती जागा दिसली तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं, या गटांतल्या उमेदवारांना प्राधान्य. मी ‘साउथ एशियन’ समोर खूण केली. हात अडखळला नाही. दीड वर्ष खोकी भरली होती, मला ती नोकरी हवी होती आणि ते काम मला येत होतं.

दोनेक महिन्यांनी जेवणाच्या खोलीत मायक्रोवेव्हपाशी उभी होते. मागे टेबलावर एक सहकारी दुसऱ्याला सांगत होता, त्याच्या भाच्याला मुलाखतीलाही बोलावलं नाही, हल्ली आकडे भरायचे असतात ना. आवाज चढलेला नव्हता. मी वळले तर माझ्याकडे बघून तो चांगलं हसला. माझा डबा आत फिरत राहिला, मी तो न घेताच जागेवर येऊन बसले.

त्या दुपारी मला माझी कॉलेजची मैत्रीण आठवली. कागलजवळच्या खेड्यातली, समाजकल्याणच्या वसतिगृहात राहायची. आमच्या वर्गात क्लार्क येऊन मोठ्याने सांगायचा, “स्कॉलरशिपवाले उभे राहा,” आणि ती आणि आणखी सात-आठ जण उभे राहायचे, बाकी सगळे माना वळवून बघायचो. तिसऱ्या वर्षी कॅन्टीनमध्ये प्लेसमेंटचा विषय निघाला आणि मी तिला म्हणाले, “तुला काय टेन्शन, तुमचं कमी मार्कांतही होतंय.” तिने चहाचा ग्लास अर्धा ठेवला, पैसे दिले आणि गेली. एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. ते मला तेव्हाही माहीत होतं.

मी रोज दसरा चौकातून कॉलेजला जायचे, शाहू महाराजांच्या पुतळ्यावरून. 26 जुलै 1902 ला त्यांनी करवीर संस्थानात मागासलेल्यांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या, हे शाळेत पाठ केलं होतं. का ठेवल्या हे मात्र मला परदेशात खोकी भरल्यावर कळलं. आपल्या घटनेच्या 15व्या कलमात भेदभाव करायचा नाही असं आहे, आणि मागासांसाठी खास तरतूद करता येईल हे 1951 मध्ये त्यातच जोडलं. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतही कलम 15च, पहिल्या पोटकलमात समानता, दुसऱ्यात हीच मुभा. तुम्ही ज्यापासून पळताय ते इथेही आहे. फक्त इथे त्याची गरज तुम्हाला असेल.

हे दोन्ही एकसारखं आहे असं मात्र मी म्हणत नाही. माझ्या आजीला कुणी पाणवठ्यावरून हाकललं नव्हतं. आणि आपल्या लोकांनी जातही बरोबर आणली आहे. इथल्या मराठी कार्यक्रमांत पानावर बसण्याआधी आडनाव विचारतात. ऑन्टॅरिओच्या आयोगाला 2023 मध्ये जातीवरच्या भेदभावाबद्दल वेगळं धोरण काढावं लागलं.

मुलीच्या शाळेबद्दल नीट वाचा. माझी मुलगी आठवीत असताना, 2016 मध्ये, ऑन्टॅरिओत नववीसाठी मुख्यतः दोन वाटा असायच्या, ‘अकॅडेमिक’ आणि ‘अप्लाइड’. अप्लाइड गणित घेतलं की विद्यापीठाचा रस्ता जवळपास बंद. तिला गणितात चांगले मार्क होते. शिक्षिका म्हणाल्या, ती फार शांत असते, घरी इंग्रजी बोलत नाहीत ना, अप्लाइडमध्ये तिच्यावर ताण येणार नाही. शेवटचा निर्णय पालकांचा असायचा. शिक्षक म्हणतात म्हणजे बरोबरच, या आपल्या संस्कारापायी मी अप्लाइडसाठी सही केली.

त्याच महिन्यात लायब्ररीत पालकांची सभा होती, याच विषयावर. बोलावणारे बहुतेक सोमाली आणि जमैकन पालक होते. शेजारीण मला न्यायला दारात आली. तो त्यांचा प्रश्न आहे असं मनात धरून मी गेले नाही. पुढच्याच वर्षी यॉर्क विद्यापीठाच्या कार्ल जेम्स यांचा टोरोंटो भागातल्या शाळांवरचा अहवाल आला. गोऱ्या मुलांपैकी 81 टक्के अकॅडेमिकला होती, कृष्णवर्णीयांपैकी 53. त्या पालकांनी विषय सोडला नाही. 2021 मध्ये गणितातल्या या दोन वाटा बंद झाल्या, 2022 मध्ये नववीतल्या बाकी विषयांतल्याही. तुमच्या मुलीला त्याचा फायदा मिळेल. माझ्या मुलीने उन्हाळ्यात जादा कोर्स केला, वर्ष मागे पडली, आता विद्यापीठात आहे. मध्यंतरी भांडी पुसता पुसता तिने विचारलं, “आई, तू सही का केलीस?” मी काहीतरी बोलले. उत्तर नव्हतं ते.

तिथे एकटं वाटतं का, असंही विचारलंत. पहिले दोन हिवाळे जड जातात, मग सवय होते.

कॉलेजची ती मैत्रीण आमच्या बॅचच्या ग्रुपवर आहे. पुण्यात मोठ्या पदावर आहे. दिवाळीला सगळ्यांना शुभेच्छा पाठवते, त्यात मलाही. कॅन्टीनच्या त्या दिवसाबद्दल मी दोन वेळा लिहायला घेतलं आणि पुसलं.

तुम्ही यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आलात तर शाळेतून मुलीबद्दल काहीही सही करायला आलं की आधी मला फोन करा, रात्री कितीही वाजता.