आठवीतल्या पोराला पहिला फोन देताय ना, मग हे वाचा

ताई, पोरगं नको ते बघेल म्हणून फोन हिसकावून काही होत नाही, क्लासच्या बाहेर मित्राच्या फोनवर तेच बघेल. गूगलचं फॅमिली लिंक नावाचं ॲप टाका, नवीन ॲपला तुमची परवानगी लागते आणि रात्री फोन लॉक होतो. धाकटीला इन्स्टा अजिबात नको, १३ च्या आत चालत नाही हा त्यांचाच नियम आहे.

खरा त्रास शॉर्ट्सचा, म्हणजे यूट्यूबवरच्या त्या छोट्या व्हिडिओंचा. मारामारीचा नाहीतर शिव्यांचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की पुढे तसलेच यायला लागतात, पोरगं शोधत नसलं तरी. म्हणून रविवारी पर्वती चढून आलात की निवांत त्याच्या शेजारी बसा, यूट्यूबची हिस्ट्री उघडा आणि तसले व्हिडिओ त्यालाच एकेक करून काढायला लावा, हे का आवडलं असं साधं विचारा, पण ओरडू नका हां, ओरडलात की लपवायला शिकतो आणि मग तुम्हाला काहीच कळत नाही, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि कुणी अनोळखी फोटो मागत असेल, धमकावत असेल तर घाबरून चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा नाहीतर सरळ सायबर पोलिसांकडे जा.