स्कापा फ्लोला जायचंय? आधी ड्रायसूट अंगवळणी पाड

तारकर्लीत ओपन वॉटर हा स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स केलास आणि आता स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लो या खाडीतली बुडालेली जहाजं बघायचीत, वाचून फार आनंद झाला. २१ जून १९१९ला जर्मनांनी तिथे आपलीच ५२ युद्धनौका जहाजं बुडवली. त्यातली सात मोठी अजून तळाशी आहेत. पण त्यातलं ‘क्योल्न’ सुमारे ३६ मीटर खोल आहे आणि तुझ्या कोर्सची मर्यादा १८ मीटर. ते आत्ता नको.

पाणी उन्हाळ्यातही जेमतेम १२-१३ अंश असतं. त्यामुळे ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा आणि हवा भरता येणारा सूट, लागतोच, आणि तो पहिल्यांदा थेट बुडालेल्या जहाजावरच्या डाइव्हला घालणं ही नवख्यांची सर्वात मोठी चूक. सूटमधली हवा पायांकडे गेली की माणूस उलटा होऊन वर फेकला जातो. मी हे अनुभवलंय, फार घाबरलो होतो. आधी एखाद्या शांत तलावात पाच-सहा डाइव्ह कर. खाली जायला कमरेला वजन किती लागतं तेही तिथेच कळेल. जाड हातमोजे घालून बकल उघडून बघ.

बाकी एवढंच:

- थंडीत हवा भराभर संपते. गेज सतत बघ.
- शॉटलाइनवरूनच, म्हणजे वरच्या बोयापासून तळापर्यंत सोडलेल्या दोरावरूनच, उतर आणि चढ.
- आत शिरू नकोस, दार कितीही मोठं असो. फिनच्या एका फटक्याने गाळ उठतो आणि बाहेरचा उजेड दिसेनासा होतो.
- काही उचलू नकोस. ही सातही जहाजं २००१पासून संरक्षित आहेत.

रील (दोरी गुंडाळायची चकरी), नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) वगैरे पुढच्या वर्षी. सुरुवात चर्चिल बॅरियर्स या तिथल्या बांधांजवळच्या उथळ ब्लॉकशिप्सपासून, म्हणजे वाट अडवायला मुद्दाम बुडवलेल्या जहाजांपासून, कर. तिथेही निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांना विचार.